चढावर बंद पडणारा एसी

मेकॅनिकवर संशय घ्यायचा असेल, तर आधी आमच्या जुन्या गाडीच्या एसीचं ऐका. गाडी पनवेलला गॅरेजमध्ये उभी असली की एसी बर्फासारखा गार. रविवारी बाबांना घेऊन करंजाला मासळी आणायला निघालो, की मध्येच कधीतरी पंखा चालू, पण हवा गरम. आमचे मेकॅनिक इरफानभाई, त्यांनी गॅस तपासला, रिले बदलला. बाबा शेजारच्या सीटवरून दर वेळी सांगायचे, "हा तुला फसवतोय. जुनाच पार्ट पुसून लावला हाय."

मलाही तसंच वाटायला लागलं. शेवटी इरफानभाईंना म्हटलं, "आज तुम्हीच चालवा, करंजापर्यंत." ते स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, मी मागे.

जासईच्या पुलाचा चढ लागला आणि मागून मला दिसलं, बाबांचा हात हळूच पुढे गेला आणि त्यांनी एसीचं बटण दाबलं. त्या बटणाचा दिवा कधीच गेलाय, त्यामुळे चालू की बंद ते कळतच नाही.

"बाबा, हे काय?"

"चढाला बंद करायचा असतो. गाडीला दम लागतो. उतारावर चालू करतो की. कधी राहून जातं."

पूल उतरल्यावर इरफानभाईंनी गाडी बाजूला घेतली. "चाचा, और चोर मैं?"

बाबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग मला म्हणाले, "बंद मी करतो, मान्य हाय. पण परत चालू केल्यावर लगेच थंड का होत नाय, ते याला विचार."