कुंड्यांची पाटी आणि आमचा प्रिंटर

प्रिंटरबद्दल मला कुणी शिकवू नये. मी दिवसभर हडपसरला लोकांचे सर्व्हर सांभाळतो, माझ्यापुढे घरचा वायफाय प्रिंटर म्हणजे किस झाड की पत्ती! बायको म्हणाली, "अहो, जोडायला माणूस बोलवा." मी म्हटलं, "माणूस समोर बसलाय."

पहिलं प्रिंट कशाचं काढायचं तेही ठरलेलं. आमच्या वर निमकर काका राहतात. त्यांच्या कुंड्यांचं पाणी रोज आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. तोंडावर बोलायची सोय नाही, कारण गेल्या आठवड्यात आमचं नेट बंद पडलं तेव्हा त्यांनीच आपल्या वायफायचा पासवर्ड दिला होता. म्हणून जिन्यात गुपचूप पाटी लावायची: "कुंड्यांना पाणी घालताना खाली माणसं राहतात याचं भान ठेवावं. – एक रहिवासी."

प्रिंट दिलं. लॅपटॉप म्हणतो, छापलं. प्रिंटर ढिम्म. पुन्हा दिलं, पुन्हा ढिम्म. बंद करून चालू केला, शिव्या घातल्या, परत दिलं. बायको शांतपणे म्हणाली, "माणूस अजून समोरच बसलाय."

तेवढ्यात प्रिंटर आपणहून घरघरला आणि एक कागद बाहेर आला. मी कॉलर ताठ करून तो तिच्या हातात दिला. तिने मोठ्याने वाचला:

"आपली पाटी आमच्या प्रिंटरवर मिळाली, तीनदा. कुंड्या आत घेतल्या आहेत. आता आपणही प्रिंटरसकट आमच्या वायफायवरून उतरावे. – वरचा रहिवासी."