गोळी गायकवाडची, कप माझा

नेमबाजीत टाय झाली तर काय करतात, माहितीये का? आमच्या वेळी शेवटच्या दहा गोळ्यांचे गुण बघायचे. ज्याचे जास्त, तो जिंकला.

मी तेव्हा चिंचवडच्या कारखान्यात होतो. आमच्या रायफल क्लबची स्पर्धा दिघीला होती, आणि जिंकणारा कप घेऊन, वर भरपगारी रजेवर मुंबईच्या स्पर्धेला जाणार होता. शेवटी उरलो मी आणि आमच्याच खात्यातला टर्नर गायकवाड. एकूण गुण सारखे. शेवटच्या दहा गोळ्यांचे, तेही सारखेच. मग पंच म्हणाले, "दोघांनी एकेक गोळी मारा."

आम्ही शेजारी शेजारी आडवे झालो आणि बार एकदमच उडाले. टार्गेटं आणून बघितली, तर गायकवाडचा कागद कोरा. माझ्या कागदावर मात्र दोन भोकं, एक दहाचं आणि एक आठचं.

मला माहीत होतं, माझा हात हलला होता. मी पंचांना सांगितलंही, "साहेब, आठ माझा असणार."

पंचांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "असणार चालत नाही. कुठली गोळी कुणाची ते ठरवता येत नसेल, तर ज्याचं टार्गेट त्याला मोठं भोक. तुमचे दहा. गायकवाड, शून्य."

बाहेर आल्यावर मी कप गायकवाडपुढं धरला. म्हटलं, "गोळी तुझी होती राव. तू घे."

त्यानं कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"नको भाऊ," तो म्हणाला, "दहा तर पुस्तकानं तुलाच दिलेत. तुझ्या कागदावर माझी गोळी आहे म्हटलं, तर तुझा तो आठ माझ्या नावावर लावतील."