माहीतगार पाहिजे, एकच

...नाही, पण मी म्हणतो, कचेरीत दुसरं कुणी मिळालं नाही का हो? नंदुरबारच्या कचेरीत चांगले अकरा कारकून, त्यातले तिघे मासे खाणारे, एक तर नुसत्या काट्यावरून नदी ओळखणारा, आणि अव्वल कारकुनानं नेमका बोलावला कुणाला, तर भाईदासला! रनाळ्याचा भाईदास, पाटलाघरचा, आई नर्मदाबाई गळ्यात तुळशीची माळ घालणारी. त्यानं जन्मात मासा पाहिला तो दशावताराच्या चित्रात, आणि त्यातही वरचा अर्धा देवच. त्याला हुकूम काय, तर येत्या रविवारी नवे प्रांतसाहेब तापीवर गळ टाकायला येणार, त्यांच्यासाठी नदीचा माहीतगार हुडकून ठेवा. एकच. साहेबाला गर्दी खपत नाही. आता भाईदासच का? तर म्हणे, तुमचं गाव तापीकडचंच ना. अहो, रनाळ्याची माणसं विहिरीचं पाणी पितात, तापी कुठं, रनाळं कुठं... पण हे अव्वल कारकुनाला सांगणार कोण?

सांगायची सोयच नव्हती, तुम्हाला सांगतो. भाईदास तीन वर्षं हंगामी. त्याला कायम करायचा कागद पडलेला त्याच प्रांतसाहेबाच्या टेबलावर. आणि म्हसावदच्या सासऱ्यानं निरोप धाडलेला की नोकरी कायम होत नाही तोवर सुंदरबाईला नांदायला पाठवणार नाही. लग्नाला दोन वर्षं झालेली, बायकोला पाहिलेलं दोनदा, त्यात एकदा मुंडावळ्यांतून. तुम्हीच सांगा, भाईदासनं करावं काय?

गेला बिचारा तापीकाठच्या कोरीटला. कार्तिकातले दिवस, नदी भरलेली, काठावर भोयांची घरं. पहिलंच घर झिपरूचं. झिपरू म्हणजे काय सांगू, या माणसाला मासे नावानिशी ठाऊक. कुठल्या डोहात कोण राहतो, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण दुपारी झोपतो... तासभर भाईदास नुसता मान हलवतोय. शेवटी उठता उठता त्यानं विचारलं, की गावात दलपत म्हणून आणखी एक आहे म्हणतात. झाला ना घोटाळा. झिपरूनं विडी विझवली. "दलपतले पाणीनी काय समज? तो तं हिरमा बी वाट चुकी जाई." म्हणजे विहिरीतसुद्धा वाट चुकेल हो!

भाईदास दलपतकडे गेला. दलपत म्हणाला, झिपरूला नेताय? न्या की. दोन वर्षांमागं ह्याच झिपरूनं वऱ्हाडाची नाव पालथी घातली, नवरदेव पोहत मांडवात गेला. साहेबाला पोहता येतं ना, तेवढं विचारून घ्या.

आता एक म्हणतो तो वाट चुकेल, दुसरा म्हणतो हा बुडवेल. तुम्हीच सांगा, भाईदासनं करावं काय?

घाटावर एक बाई भांडी घासत होती. अनुसयाबाई तिचं नाव. भाईदासला वाटलं, ही तिऱ्हाईत, हिला विचारावं, खरं सांगेल. त्यानं विचारलं, दोघांत बरा कोण? बाईनं हातातला हंडा खाली ठेवला. ती निघाली झिपरूची बायको आणि दलपतची सख्खी बहीण! म्हणाली, "मन्हा नवराले नेशात तं मन्हं माहेर तुटी. भाऊले नेशात तं घरमा चुल्हा पेटाव नही. भाऊसाहेब, दोन्हीस्ले सोडा." आणि तिनंच पलीकडच्या काठाकडे बोट केलं. तिथं खात्या राहतो, म्हातारा आहे, बोलत नाही, पण नदी त्यालाच ठाऊक.

खात्यानं सगळं ऐकून घेतलं, नदीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "येसू." येतो म्हणाला हो! भाईदासच्या जिवात जीव आला. तुम्हाला सांगतो, शनिवारी चावडीत तो असा झोपला, असा झोपला, की लग्नाच्या मंडपातसुद्धा इतका निर्धास्त नव्हता.

रविवारी उजाडता उजाडता खात्या आला. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, बाहेर काढला, धोतराला पुसला. "वर पाणी पडनं. आज मासा नही शे." वरच्या अंगाला पाऊस झालेला, आज मासाच नाही, एवढं सांगून चालायला लागला. भाईदास मागं धावला. म्हणाला, बाबा, नसू दे मासा, नुसता नावेत बस. खात्या थांबला, त्याला खरंच नवल वाटलं. "नही शे तं काय दखाडू?" नाहीच तर दाखवू काय, म्हणे! इतका खरा माणूस सरकारी कामाला चालतो का कधी?

भाईदास पळत झिपरूकडे गेला. तर झिपरू आणि दलपत, सात वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले, एकाच ओट्यावर, एकच विडी आळीपाळीनं ओढतायत. दोघं म्हणाले, आम्हाला टाकून खात्या आणला ना, मग खात्यालाच विचारा. भाईदासवरच्या रागानं मेहुणे-मेहुणे एक झालेले! आणि तेवढ्यात घाट उतरून साहेब आला. पोथीतून मराठी शिकलेला गोरा साहेब. "माहीतगार इसम कोठे आहे?"

तुम्हीच सांगा, भाईदासनं करावं काय? तो 'कुणी आलं नाही' म्हणायला गेला आणि तोंडातून निघालं, "मीच, साहेब."

नाव हाकायला पदर खोचून अनुसयाबाई पुढं आली. "बठा. बोलानं काम तुमनं, हाकानं मन्हं." पण बोलतोय कोण? भाईदासला पोहता येत नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी नावेची कड धरली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात रामनाम सुरू केलं. साहेब विचारी, "येथे?" भाईदास मान हलवी. "की तेथे?" तेव्हाही हलवी. ऊन चढलं, ऊन कललं. गळ रिकामाच वर आला... परत गेला... पुन्हा रिकामा.

काठाला लागल्यावर मात्र भाईदासला राहवेना. कागद गेला, सुंदरबाई गेली, आता लपवायचं कशाला? सांगून टाकलं त्यानं. साहेब, मला यातलं काही कळत नाही. नदीत आज मासाच नव्हता. खरा माहीतगार सकाळीच तसं सांगून घरी गेला.

साहेबानं दोरा गुंडाळला. मग म्हणाला, "जेथे जातो, तेथे माहीतगार प्रातःकाळपासून बोलतो. आपण मौन राखिलेत. मज विश्रांती लाभली."

आठवड्यात हुकूम आला. भाईदास कायम. सुंदरबाई नांदायला आली. आणि त्याच हुकुमात खाली एक ओळ, की दर रविवारी यांनी तापीवर हजर राहावे.

झालं त्याला वर्ष. अजून गळाला एक मासा लागलेला नाही. साहेब म्हणतो, त्वरा नाही.