टिटवीच्या अंड्यांचा फोटो

यवतला एसटीची वाट बघताना माझ्या बाकावर एक मुलगी बसली होती, गळ्यात दुर्बीण. शेजारी कॅमेरा घेतलेले तिचे मामा. दोघं तलावावर पक्षी बघून परतत होते.

"अपेक्षा, बोल की काहीतरी. सकाळ चांगली गेली."

"तुमची गेली, मामा. टिटवीची न्हाई."

"मी काय केलं? अंड्यांना हात तरी लावला का?"

"हात न्हाई लावला. पर तिथंच कॅमेरा मांडून बसलात. मागं सरका म्हणून किती वेळा सांगितलं."

"ती येईल म्हणून थांबलो व्हतो."

"डोक्यावर वरडत व्हती की ती. पोट पाण्यात भिजवून येती आन् अंड्यांवर बसती, म्हणून या उन्हात अंडी गार राहत्यात. तुम्ही तिथं असताना कशी बसंल?"

"आपण उठल्यावर बसली असंल."

"तवर ऊन थांबलं व्हतं का?"

"उगं डोकं खाऊ नको. केंदूर गावच्या ग्रुपवर फोटो टाकलाय, सगळी वा वा करत्यात. बघ, चारीच्या चारी अंडी कशी स्वच्छ दिसत्यात."

"दिसणारच की. तिला बसू दिलंच कुठं तुम्ही."