मिसेसना घेऊन या

नको! — सोड हात, सोड म्हणतो ना, बोट तोंडात घालू नकोस! सुई टोचली, बस्स, शिंप्याला सुई टोचणारच — वर्गातल्या पोरांकडे बघतोस तसा बघू नकोस, मास्तर. दरवेळी तूच रक्त थांबवतोस, मला आवडतं तेही माहितीये, पण आज नको. हलू नकोस, अंगातल्या शर्टाच्या काखेत टाचण्या आहेत. — रागावलोय? तुझ्यावर? छे. घाबरलोय. हे बघ, चिंधी गुंडाळली, झालं. बाहेर गिऱ्हाईक नाही ना कुणी? मग ऐक. माझा एक मित्र आहे — बरं, मित्र नाही. मीच. तो ताप येत-जात होता, तू म्हणालास, रक्त तपासून घे, घेतलं. एचआयव्ही आहे मला. — सांगितलं बघ. कालपासून हे एकच वाक्य शिवतोय आणि उसवतोय.

औषध आहे, रोजची गोळी, नीट घेतली तर माणूस म्हातारा होऊन मरतो म्हणे, आणि पुढं जोडीदारालाही लागत नाही. सगळं समजावलं दवाखान्यातल्या बाईंनी. भल्या आहेत बिचाऱ्या. शेवटी म्हणाल्या, मिसेसना घेऊन या, त्यांचंही तपासू. मी म्हटलं, आणतो. मनात म्हटलं, बाई, आमच्या मिसेसना मिशा आहेत! — हस ना रे. एरवी एवढ्याशावर खिदळतोस. — मरणाची भीती नाही वाटत, शप्पथ. तू जाशील याची वाटते. आणि त्याहून जास्त, माझ्यामुळं तुला लागलं असेल तर? तुझी आई मला धाकटा म्हणते, त्या माउलीला कुठल्या तोंडानं — उद्या चल. भाऊ म्हणून चल, मित्र म्हणून चल, कसाही चल, पण तपासून घे. घेशील ना?

मान का हलवतोस? — घेतलंस? आधीच? कधी? — आणि मी मघाशी एवढं मोठं बोललो, तू दचकला कसा नाहीस? माझ्याकडे बघ. मला तपासून घे म्हणालास, ते तापामुळंच ना? — बटणं कशाला काढतोस, टाचण्या लागतील — ए, बोल ना — तुलाही आहे. आणि तुला माहीत होतं.

नको. आता तोंड उघडू नकोस. शर्ट ठेव तिथं मशीनवर आणि जा. — जा ना रे. नाहीतर मी विचारीन, कधीपासून. आणि तू सांगशील.