बाकावरचा ठेका

—नाही नाही, धाप नाही लागली मला, चैत्राचं ऊन आहे, दौलतगंजातून या मुरारच्या इस्पितळापर्यंत सायकल मारली तर घाम येणारच ना? बसा, बाक काही माझ्या मालकीचा नाही. तुमचीही आज डॉक्टरी तपासणी? असेल. नाव नका सांगू, मीही नाही सांगत. आजकाल कोण कोणाचा माणूस, काही कळत नाही. रियासत विलीन झाली, फौज दिल्लीकडे गेली, आणि आता म्हणे ग्वाल्हेरचा बँड नि इंदूरचा बँड मिळून एकच करणार. साइड ड्रमची जागा एक उरलीय—एक! आजोबा माझे फौजेत नगारा वाजवायचे, वडील बँडमध्ये, मी बँडमध्ये. आणि आता हा डॉक्टर ठरवणार, मी वाजवायचं की नाही.

काय बघताय? हात? सवयीनं जातो तो बरगडीखाली. फडफडतं कधीकधी, पारवा कोंडल्यासारखं. गॅस आहे, दुसरं काय? आमच्या हिला मात्र वाटतं, हृदय. वाटणारच—भाऊ पुण्यात आहे तिचा, मी इथं नापास झालो की तिकडे जायची ट्रंक भरायला मोकळी! तिनंच नेलं मला कृष्णरावांकडे, आमच्या गल्लीतले कंपाउंडर. ते म्हणाले, सूर्याजी, कातडीखाली थरथरतं ना, पापणी फडफडते तसं, ते थकव्याचं, चहा कमी करा. गुडगुडत फिरतं ते वायूचं. पण तुमचं हे फडफडतं, मध्येच थांबतं, मग धपकन पडतं—त्याच्यासोबत डोळ्यांपुढे अंधारी येते का? येत असेल तर घरी बसून विचार नाही करायचा, त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. मी म्हटलं, नाही येत. हिच्यासमोर काय सांगणार?—घ्या, नावही निघून गेलं तोंडातून. असू द्या.

अंधारी येते का म्हणता? एकदा. जिन्यात. आणि एकदा परेडवर, पण पडलो नाही हां, नुसती काठी सुटली हातातून. बँडमास्तरला सांगितलं, ऊन लागलं. पौषातही ऊन असतंच की!

तुम्ही इतकं का विचारून राहिलात? बघू हात. तो नाही, डावा. हा अंगठ्याच्या बेचक्यातला घट्टा—काठीचा आहे हा. माझाही तिथंच आहे. तुम्ही इंदूरचे ड्रमवाले! आणि मी मूर्ख, सगळं ओकून बसलो तुमच्यापुढे.

मान काय हलवताय? आत जाऊन सांगणार, अजून काय? आमच्या हिनं तर नाही ना पाठवलं तुम्हाला? ...काय? हात ठेवून बघू? ठेवा. ठेवा ना, घाबरतो की काय मी! इथं—जरा खाली. ...काय लागलं हाताला? नको, बोलू नका, तोंडानं तुम्ही काहीही सांगाल, जागा तुम्हाला हवीय. वाजवून दाखवा. एक हात राहू द्या इथं, दुसऱ्यानं बाकावर वाजवा, या हाताला लागेल तसं. ठेक्यात मला नाही फसवू शकत कोणी.

हं... हं. हे ठीक आहे. ...थांबलात का? वाजवा ना—नाही थांबलात? मग एवढी जागा रिकामी कशी? खोटं आहे हे, मुद्दाम सोडताय तुम्ही. पुन्हा वाजवा. ...

अरे देवा. अशा ठेक्यावर पलटण चालवली तर पहिल्याच वळणावर एकमेकांच्या टाचा तुडवतील.

बस. काढा हात. पाणी नको, तुमच्या हातचं तर मुळीच नको—ऐकलंत? माझंच नाव पुकारलं शिपायानं. तुम्ही उठायचं नाही. माझ्याआधी आत जायचं नाही, माझ्यामागून येऊन कोणाच्या कानाला लागायचं नाही. जिन्याचं, काठीचं, अंधारीचं, जे काय सांगायचं ते मीच सांगीन. आणि माझा ड्रम हातात घ्याल तेव्हा, त्याच्या खालच्या कातड्यावरच्या तारा—पावसाळ्यात ढिल्या पडतात, म्हणून एकदम ताणायच्या नाहीत, तुटतात. हळूहळू.

असे बघू नका माझ्याकडे. सरका, वाट सोडा.