आंधळ्यांना आलेलं पत्र

...पत्र पाठवलं हो, पत्र! आम्हाला! एकशे अठ्ठावन्न आंधळ्यांना छापील पत्र, आणि तेही मुंगीएवढ्या अक्षरात! मुंगीएवढ्या हे मला कसं कळलं? कसायाने सांगितलं! तुम्हाला सांगतो, बहात्तर वर्षांचा झालो, उभा जन्म गव्हाचे ट्रक हाकले, काचबिंदूने डोळे गेले तेव्हासुद्धा एवढा चिडलो नव्हतो मी. डोळे गेले तर ओरडणार कुणावर? पण इथे ओरडायला माणूस आहे, त्याचं नाव जॅरड, आणि त्याच्याकडे मी येतोच, जरा थांबा...

तर आमच्या यारंबूल गावात वाचन-रेडिओ होता. आगीच्या बंबाच्या जुन्या शेडमागची एक खोली, धर्मादाय संस्थेची. तिथे बसून आमची बेरिलबाई, बेरिल हॅडो, निवृत्त मास्तरीण, रोज सकाळी साडेसातला आम्हा न दिसणाऱ्यांसाठी पेपर वाचायची. फुकट! एकोणीस वर्षं! आणि अख्खा म्हणजे अख्खा पेपर हो! मेंढ्यांचे भाव, फुटबॉलच्या मॅचमध्ये कुणाचा गुडघा गेला... 'पान सात, खाली उजवीकडे, जुना फ्रीज देणे आहे, थोडा गळतो, कंसात, पाणी, कंस पूर्ण.' कंससुद्धा सोडायची नाही बाई! आणि शेवटी निधनवार्ता. तेव्हा तिचा आवाज असा खाली उतरायचा की आम्ही आपापल्या स्वयंपाकघरात खुर्चीत सरळ बसायचो.

एका सोमवारी रेडिओ लावला... खरखर! थोपटला, आपटला, बॅटऱ्या काढल्या, परत घातल्या... खरखर! बेरिलबाईला फोन केला तर ती रडतेय. 'मर्व, कुलूप बदललंय रे संस्थेवाल्यांनी. मी पेपर घेऊन दारात उभी, आणि माझी किल्लीच लागेना.' अहो, एकोणीस वर्षं फुकट राबलेल्या बाईला एक साधा फोन करता येत नाही? हात झडले असते? आणि आम्हाला काय? तर पत्र पाठवलं हो, पत्र!

ते आलं शुक्रवारी. मी राहतो एकटा. एरवी असला कागद आला की मी तो रेडिओच्या खोलीवर न्यायचो, बेरिलबाई वाचून दाखवायची. आता ती खोलीच बंद केल्याचं पत्र मी कुठे नेऊ? शेवटी शनिवारी गेलो स्पिरो कसायाकडे. ग्रीक माणूस, मन लोण्याचं, आवाज लाउडस्पीकरचा. भर दुकानात लागला वाचायला! '"प्रिय सदस्य, अत्यंत जड अंतःकरणाने..." बाई, चॉप्स किती, सहा? "...जड अंतःकरणाने कळवतो की आपली सेवा तात्काळ बंद करण्यात येत आहे. यापुढे सदस्यांनी मोबाईलवरचं आमचं नवं अ‍ॅप वापरावं. अधिक माहितीसाठी खालील चित्र पाहा."'

चित्र पाहा!! अख्खं दुकान हसलं. मीही हसलो. आणि मग स्पिरो हळूच, म्हणजे त्याच्या मानाने हळूच, म्हणाला, 'मर्व, एक विचारू का रे? तुझं आणि आल्फचं काही भांडण झालं होतं? गुरुवारी तू आला नाहीस म्हणून...'

'गुरुवारी काय होतं?'

  कुणीतरी पिशवी खाली ठेवली, ती ऐकू आली मला.

आल्फ गेला होता. आल्फ नित्श्के. बावीस हंगाम आम्ही दोघं एका ट्रकमध्ये काढले, एका थर्मासमधला चहा प्यायलो. बातमी मंगळवारच्या पेपरात होती, पान अकरा. बेरिलबाईने वाचली असती तर रांगत गेलो असतो हो मी चर्चपर्यंत! त्याच्या बायकोला वाटलं, मर्वने रेडिओवर ऐकलं असेल. गावाला वाटलं, मर्व रुसलाय. शवपेटीला खांदा द्यायला पाचच जण होते, सहाव्या जागी भाड्याचा माणूस लावला. ती जागा माझी होती!... आणि मला काय मिळालं? पत्र!

बस्स. घरी आलो आणि फोन उचलला. संस्थेच्या मुख्य कार्यालयात, शहरात. तिथली पोरगी गोड आवाजात म्हणते, 'सर, सर्व तपशील आमच्या वेबसाईटवर दिसतील.' म्हटलं, बाळ, मला दिसत असतं तर मी तुला फोन कशाला केला असता? बरं, बाकीच्या श्रोत्यांची यादी तरी दे! तर म्हणे, गोपनीय आहे.

आता आली का पंचाईत? आम्ही एकशे अठ्ठावन्न जण, रोज एकच आवाज ऐकणारे, पण एकमेकांना ओळखतो कुठे? नावं बेरिलबाईला पाठ, कारण प्रत्येकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायची ती. पण नंबर? तेव्हा ती म्हणाली, 'एडनाला विचार.' एडना शिर्मर, वय एक्क्याण्णव, आमच्यासारखीच आंधळी, पण जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली. मला म्हणते, 'मर्व, बडबड नको. नाव सांग.' मी नाव सांगायचो, ती नंबर! धडाधड! कुणाचा बदलला असेल तर शेजाऱ्याचा! आणि स्वतःच फोन लावायची, 'एक्स्चेंजमधून बोलतेय. लाईनवर राहा.' अर्ध्या लोकांना वाटलं, युद्ध सुरू झालं!

पण जमले हो! त्या जॅरडने, म्हणजे संस्थेच्या शहरातल्या साहेबाने, फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये 'संवाद सभा' ठेवली होती. अपेक्षा असेल दहा जणांची. आले एकशे चाळीस! पांढऱ्या काठ्या टकटक टकटक... स्पिरो दुकान बंद करून आला, आल्फची बायको आली. जॅरडला मी पाहिला नाही, पण वास आला, महागातला. तो म्हणतो, 'मी बोलण्यापेक्षा हे आकडेच बोलतील. पडद्यावर तुम्हाला स्पष्ट दिसतंच आहे की...'

'नाही दिसत!' एकशे चाळीस गळे! छपराच्या पत्र्यावरचे गलाह पोपट उडाले!

तेवढ्यात बेरिलबाई उठली. 'मी वाचते.' आणि लागली वाचायला. शीर्षक, स्वल्पविराम, सगळं. तो भराभर पानं पुढे ढकलतोय आणि ही म्हणते, 'मागे घ्या. खाली बारीक अक्षरात राहिलंय.'

'ते काही महत्त्वाचं नाही, मॅडम.'

'मी सगळं वाचते, साहेब.' आणि आवाज खाली उतरला, निधनवार्तेचा. आम्ही सगळे सरळ बसलो. 'तळटीप. गावातले श्रोते स्वतः चालवायला तयार असतील, तर खोली आणि परवाना त्यांच्या हवाली करणं संस्थेवर बंधनकारक आहे. पूर्णविराम.'

बघा! अशी माणसं! लपवून ठेवलं होतं हे, आणि आम्हाला पत्र!

जॅरड म्हणतो, 'पण लोकांची तशी गरज तरी आहे का?' मी उठलो. भाषण पाठ करून आलो होतो, एक अक्षर आठवेना. एवढंच म्हणालो, 'गुरुवारी अकरा वाजता आल्फ नित्श्केला पुरलं, आणि मला कुणी सांगितलं नाही.'

 मग आल्फच्या बायकोने माझा हात धरला. मग एका काठीने जमिनीवर ठोका दिला. मग दुसरीने. मग सगळ्या! जॅरड काहीतरी बोलत होता, पण कुणाला ऐकायचं होतं? त्याच आठवड्यात किल्ली मिळाली. जिंकलो आम्ही!

फक्त एकच प्रश्न उरला. रोज पहाटे सहाला खोली उघडायची, हीटर लावायचा, बेरिलबाईला चहा करायचा, आणि वाचन संपेपर्यंत बाहेरच्या दाराशी बसायचं, मध्ये कुणी घुसू नये म्हणून. हे कोण करणार? 'तयार असतील त्यांनी हात वर करा.' आता मला सांगा, आंधळ्यांच्या सभेत वर झालेले हात बघणार कोण? एडनाने बसल्या जागी जाहीर करून टाकलं, 'मर्व तयार आहे.'

तेव्हापासून जातो रोज. साडेसात वाजले की बेरिलबाई आत जाते आणि दार लावून घेते. जाडजूड दार आहे, आवाज आत-बाहेर जाऊ नये म्हणून केलेलं. रेडिओ लावावा, तर एवढ्या जवळ नुसती खरखर! अख्खं यारंबूल तिला ऐकतं... आणि मी तिच्यापासून चार फुटांवर बसलेला असतो, मला एक अक्षर ऐकू येत नाही.